ट्रकात सिंथेटिक टाकायचं की साधं? आधी गाडी उभी किती राहते ते मोजा

ऑइलच्या दुकानात "सिंथेटिक चांगलं की साधं?" असं विचारलं, की दुकानदार ज्यात दोन पैसे जास्त सुटतात तो कॅन काउंटरवर ठेवतो. मिस्त्रीला विचारलं तर तो उमेदवारीत शिकला तेच ऑइल सांगतो. दोघांचं ऐकून मी एकदा इंजिन खोलवून घेतलंय. माझ्या दोन गाड्या आहेत. जुनी दहाचाकी वणी-घुग्घूस पट्ट्यात कोळशावर चालते, दुसरी सीझनला वरुडहून संत्रा घेऊन दिल्लीला जाते. दोघींत वेगवेगळं ऑइल आहे, आणि ते तसंच राहणार. साधं म्हणजे कच्च्या तेलातून गाळून काढलेलं मिनरल ऑइल, सिंथेटिक म्हणजे कारखान्यात घडवलेलं.

सुरुवात गाडीच्या पुस्तकापासून करा. त्यात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: ग्रेड आणि एपीआयची (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकी संस्था) अक्षरं. ग्रेड बहुधा १५डब्ल्यू-४०. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड इंजिनात ऑइल किती वाहतं ते सांगतो आणि दुसरा १०० अंशाला किती घट्ट राहतं ते. "सिंथेटिक पातळ असतं, आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही" हे मी दर मे महिन्यात ऐकतो. चूक आहे. ४० ग्रेडचं सिंथेटिक आणि ४० ग्रेडचं साधं १०० अंशाला एकाच पट्ट्यात बसतात. बाहेर चंद्रपूरचं ४६ असलं तरी इंजिनातलं ऑइल त्याच्या दुपटीवर तापलेलं असतंच. उलट सिंथेटिकची जाहिरात ज्या गुणावर चालते, थंडीत ऑइल पटकन पोचण्याचा, तो आपल्याला फारसा लागतच नाही. डिसेंबरात पारा ८ वर आला तरी १५डब्ल्यू अडत नाही.

अक्षरांत 'सी'ने सुरू होणारं घ्या, नुसतं 'एस' असेल तर ते पेट्रोल इंजिनाचं. जुन्या गाडीला सीआय-४ प्लस पुरतं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला मात्र सीके-४, तेही कंपनीने मान्य केलेलंच. त्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये बहुतेक काजळी धरणारा फिल्टर असतो. काजळी जळून जाते, ऑइलची राख जळत नाही, ती तिथेच साचते. जास्त राखेचं ऑइल टाकून तो फिल्टर बुजवला, तर ऑइलात वाचवलेले पैसे त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत. अशा गाड्यांना कंपन्या ऑइल बदलण्याची मुदतही बरीच लांब देतात. तिथे माझं पुढचं गणित लावू नका, पुस्तक सांगेल तेच करा.

आता इंजिन ऑइल किती खातं ते बघा. सपाट जागी सकाळी गेज काडी बघून वरच्या खुणेपर्यंत भरा, २,००० किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच जागी भरा. किती मावलं ते लिहून ठेवा. हजाराला लिटरभर लागत असेल तर सिंथेटिकचा विषय बंद. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर मारणाऱ्या गाडीत महागडं ऑइल म्हणजे फुटक्या माठात बिसलेरी.

खरी मेख पुढे आहे: मुदत.

सिंथेटिक महाग असतं, पण ते जास्त दिवस चालवता आलं तरच परवडतं. समजण्यापुरते आकडे घ्या. इंजिनात १९ लिटर मावतं, साधं ३०० रुपये लिटर, सिंथेटिक ५५०, फिल्टर १,५०० चे. साधं ७,२०० ला पडलं आणि २०,००० किलोमीटर चाललं, तर किलोमीटरला ३६ पैसे. सिंथेटिक ११,९५० ला पडलं आणि ४०,००० चाललं, तर ३० पैसे. पण तेच घाबरून २०,००० ला काढलं तर जवळजवळ ६० पैसे. म्हणजे ३३ हजारांच्या पुढे नेण्याची हिंमत आणि तसं इंजिन नसेल, तर सिंथेटिक म्हणजे निव्वळ हौस. आपले दर टाकून हे गणित एकदा कराच.

मी हे गणित केलं होतं आणि तरी फसलो. कोळशाच्या गाडीत सिंथेटिक टाकलं, मीटरवर २८ हजार झाले तेव्हा मी खुशीत होतो. एक दिवस ड्रायव्हरचा फोन: "भाऊ, ऑइलचा लाईट लागून रायला." इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट खोलला तर ऑइल धार धरून येईना, डांबरासारखं गोळा होऊन पडलं. फिल्टर जाम. फिल्टर जाम झाला की त्याचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगवर जातं. क्रँकच्या बेअरिंगवर नखाला लागतील असे चरे पडले होते.

ऑइलवाल्याला शिव्या घालून झाल्यावर ड्रायव्हरला शेजारी बसवून विचारलं, दिवसभर गाडी काय करते? तर फेऱ्या मिळून १५० किलोमीटर, आणि वजनकाट्यावर, रेल्वेच्या कोळसा सायडिंगवर लायनीत सहा तास उभी. चालू इंजिनावर. का? "सेल्फ उचलत नाही भाऊ. बंद केली तर धक्का कोण मारन?"

मीटर उभी गाडी मोजत नाही, ऑइल मोजतं. उभ्या इंजिनाचा एक तास मी ४० किलोमीटर धरतो. सहा तासांचे २४०, वर चालवलेले १५०, म्हणजे रोजचे ३९०. मीटर जेव्हा १०० दाखवतो तेव्हा ऑइल २६० चाललेलं असतं. माझे ते २८ हजार खरे ७२ हजारांच्या वर होते! त्यातही उभं इंजिन थंडसर जळतं, काजळी जास्त करतं, डिझेल पूर्ण न जळता ऑइलात उतरतं. गेज काडीवर पातळी न भरता वर चढली आणि बोटाला डिझेलचा वास आला, तर मुदत बाकी असो वा नसो, ऑइल काढा. काळं पडलं म्हणून मात्र काढू नका. डिझेल इंजिनात ऑइल दोन दिवसांत काळं पडतंच, काजळी अंगावर घेणं हेच त्याचं काम.

म्हणून ऑइल निवडण्याआधी महिनाभर केबिनमध्ये वही टांगा. ड्रायव्हरने रोज एकच आकडा लिहायचा: उभी किती तास. कोळसा, रेती, जिनिंगच्या दारातला कापूस, यातली कामं लायनीची. तिथे साधं १५डब्ल्यू-४० टाका आणि लवकर बदला. हायवेवर एका चालीने पळणारी, ऑइल न खाणारी गाडी असेल तर सिंथेटिक टाका आणि निर्धास्त लांब न्या. जुन्या इंजिनात पहिल्यांदाच टाकत असाल तर पहिली मुदत अर्धी ठेवा, साचलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो.

कॅन सीलबंद, बिलासकट घ्या. रिकाम्या कॅनला घरी आणून खिळा मारा, नाहीतर भंगारातून तो पुन्हा भरून कुणाच्या तरी गाडीत जातो. ऑइलबरोबर फिल्टर बदला, दर वेळी.

कोळशाच्या गाडीत आता साधं सीआय-४ प्लस आहे. पण फरक ऑइलने पडला नाही. सेल्फ नवा बसवला, तेव्हापासून ड्रायव्हर लायनीत इंजिन बंद करतो. उभे तास सहावरून दीडवर आले, आणि २०,००० च्या मुदतीत उभे तास धरले तर पूर्वी मीटरवर साडेसात हजारांना काढावं लागलं असतं तेच ऑइल आता १४ हजारांना निघतं.