पिरॅमिड नको, आजोबांचा एक निर्णय घ्या

बारावीच्या प्रोजेक्टला ‘मॅस्लोचा सिद्धांत आणि चित्रपटातलं एक पात्र’ हा विषय घेतलात, तर पहिल्या पानावर माणसाच्या पाच गरजांचा रंगीत पिरॅमिड काढू नका. मी फोंड्याला मानसशास्त्र शिकवते. असे पिरॅमिड दरवर्षी माझ्या टेबलावर येऊन पडतात. आत काय असतं? नायक जेवतो म्हणजे शारीरिक गरज, त्याला घर आहे म्हणजे सुरक्षितता, नायिका भेटली म्हणजे प्रेम. ही झाली हजेरी. आणि तो पिरॅमिड मॅस्लोचा नाहीच. १९४३ च्या लेखात या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पाच गरजा क्रमाने मांडल्या: शारीरिक, सुरक्षितता, प्रेम, आत्मसन्मान आणि आत्मवास्तविकीकरण, म्हणजे आपल्यात जे होण्याची क्षमता आहे ते होणं. आकृती नंतरच्या लोकांनी काढली.

पात्र साधं निवडा. मी ‘श्वास’मधले आजोबा सुचवते. २००४ साली आलेला चित्रपट, त्यातलं कोकणातलं गाव आपल्याला परकं नाही. नातू परशुरामच्या डोळ्यांना कॅन्सर झालाय. जीव वाचवायचा तर ऑपरेशन हवं आणि ऑपरेशन झालं की दृष्टी जाणार. त्याआधी आजोबा कुणाला न सांगता त्याला हॉस्पिटलबाहेर घेऊन जातात.

अख्खे आजोबा नकोत, एवढा एकच निर्णय घ्या. माणसाला काय हवंय हे त्याच्या संवादात शोधण्यापेक्षा तो काय पणाला लावतो ते बघा. इथे पणाला लागतो डॉक्टरांचा विश्वास. अनोळखी शहरात खेड्यातल्या माणसाला तेवढाच आधार, म्हणजे त्याची सुरक्षितताच. ती कशासाठी? विद्यार्थी लगेच ‘प्रेम’ लिहून मोकळे होतात. चूक नाही, पण अर्धवट आहे. नातवाने जग एकदा डोळे भरून बघावं, ही ओढ पाच गरजांत नीट बसत नाही. त्याच लेखात मॅस्लोने जाणून घेण्याच्या, समजून घेण्याच्या इच्छेबद्दल वेगळं लिहिलंय. पिरॅमिड पाठ केलेल्यांना हे सापडत नाही.

परशुरामचंही तसंच. तो आजोबांना चिकटून राहतो, ते मी प्रेमात नाही, सुरक्षिततेत टाकेन. मॅस्लो सुरक्षिततेची गरज समजावताना लहान मुलांचंच उदाहरण देतो: आजारपण आलं, अनोळखी काही समोर आलं की मूल आईबापांकडे धावतं.

‘आधी खालची गरज पुरी, मगच वरची’ असं लिहू नका. मॅस्लोने निव्वळ समजावण्यासाठी काही आकडे धरले होते: सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मसन्मानाच्या ४० आणि आत्मवास्तविकीकरणाच्या १०. म्हणजे सगळ्या एकाच वेळी थोड्याथोड्या अपुऱ्या. तुमच्या पात्राने क्रम मोडला, तर तोच प्रसंग सविस्तर लिहा.

शेवटच्या दोन गरजांत मुलं हमखास घोळ घालतात. आपल्याकडची जत्रेची नाटकं आठवा. दिवसभर दुकान सांभाळून रात्री तालमीला येणारे दोघे. एक जण पहिल्या रांगेत कोण बसलंय ते विंगेतून डोकावून बघतो. दुसरा प्रयोग संपल्यावरही ते एक वाक्य कसं म्हणायला हवं होतं, याचीच घरी पोचेपर्यंत बडबड करतो. पहिल्याला मान हवाय. दुसऱ्याला ते वाक्य जमायला हवंय, टाळ्या पडोत न पडोत. मॅस्लोची पाचवी गरज ती.

तक्ता करायचाच असेल तर प्रत्येक गरजेपुढे प्रसंग लिहा, विशेषण नको. ‘आजोबा प्रेमळ आहेत’ हा पुरावा नव्हे. आजोबांच्या बाबतीत पाचव्या रकान्यात काही मिळालं नाही, तर सरळ ‘चित्रपटात दिसत नाही’ असं लिहा. त्याचे मार्क मी कापत नाही. ‘नातवासाठी झिजले म्हणून आत्मवास्तविकीकरण’ असं लिहिलंत, तर मात्र कापते.