न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये पाण्याच्या टेबलावर उभे राहायचे असेल तर

शरद ऋतूत न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत लेकीकडे अथवा मुलाकडे मुक्कामाला जाणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी नोव्हेंबरचा पहिला रविवार कधी येतो ते पाहून ठेवावे. त्या दिवशी न्यूयॉर्क मॅरेथॉन असते. १९७० साली सेंट्रल पार्कमध्ये सव्वाशे-एक धावपटूंनिशी सुरू झालेली ही शर्यत १९७६ पासून शहराच्या पाचही विभागांतून जाते. ती स्टेटन आयलंडवरून सुटते, ब्रुकलिन, क्वीन्स, मॅनहॅटन आणि ब्रॉन्क्स पार करते आणि पुन्हा मॅनहॅटनमध्ये येऊन सेंट्रल पार्कात संपते. आता पन्नास हजारांहून अधिक माणसे ४२.१९५ किलोमीटर धावतात आणि त्यांच्यासाठी हजारो स्वयंसेवक पहाटेपासून राबतात. मी लेकीकडे असताना दोनदा ब्रुकलिनमध्ये पाण्याच्या टेबलावर, म्हणजे धावपटूंना पाण्याचे पेले देण्याच्या जागी, उभी राहिले. साठीच्या पुढच्या पाहुण्यांना झेपेल आणि मनापासून आवडेल असे याहून चांगले काम मला त्या शहरात सापडले नाही.

पहिली गोष्ट व्हिसाची. आपण बहुतेक जण बी-२ व्हिसावर, म्हणजे कुटुंबाला भेटायला आणि फिरायला जातो, आणि त्यावर नोकरी करता येत नाही. त्यामुळे काम पूर्णपणे विनामोबदला असले पाहिजे आणि एरवी पगारी माणूस ठेवून करून घेतले जाते असे ते नसावे. शर्यत भरवणारी न्यूयॉर्क रोड रनर्स ही ना-नफा संस्था आहे. तरीही नाव नोंदवण्यापूर्वी आपण भेटीच्या व्हिसावर आहोत हे संस्थेला ईमेलने कळवावे, त्यांचे उत्तर जपून ठेवावे आणि शंका उरलीच तर व्हिसाच्या जाणकार वकिलाला विचारावे. विमानतळावरील अधिकाऱ्याने येण्याचे कारण विचारल्यास जे मुख्य कारण आहे तेच सांगावे: मुलांना भेटायला आलो आहोत.

नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर होते आणि सोयीच्या जागा लवकर भरतात, म्हणून काही महिने आधीच लक्ष ठेवावे. जागा निवडताना ब्रुकलिनला प्राधान्य द्यावे, कारण धावपटू तेथे लवकर पोचतात आणि दुपारी घरी परतता येते. मॅनहॅटनच्या उत्तर भागात किंवा सेंट्रल पार्कात संध्याकाळ होते. रस्ते बंद असल्याने मोटारीचा उपयोग होत नाही. सबवेने, म्हणजे भुयारी रेल्वेने, जावे लागते, आणि तो प्रवास आदल्या आठवड्यात लेकीला बरोबर घेऊन एकदा करून पाहावा.

घरच्यांशी मात्र सर्वांत आधी बोलावे. हा रविवार अनेकदा दिवाळीच्या आसपास येतो. २०२४ मध्ये तर आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे नेमकी भाऊबीज होती. नातवंडांच्या सुट्टीचा दिवस आपण परस्पर दुसऱ्याला देऊन टाकला, असे कोणाला वाटू नये. मी पहिल्या वर्षी ठरवून झाल्यावर सांगितले आणि लेक दुखावली. दुसऱ्या वर्षी आधी विचारले, तेव्हा तिनेही माझ्या शेजारच्या टेबलासाठी नाव नोंदवले.

शर्यतीच्या दिवशीच पहाटे दोन वाजता अमेरिकेच्या बहुतेक भागांत घड्याळे एक तास मागे जातात. मोबाइल आपोआप बदलतो, पण मनगटावरचे घड्याळ आणि स्वयंपाकघरातले घड्याळ बदलत नाही, म्हणून गजर मोबाइलवरच लावावा. भारताशी असलेले साडेनऊ तासांचे अंतर त्या दिवसापासून साडेदहा तासांचे होते, हेही भावाला फोन करताना ध्यानात ठेवावे.

थंडीची तयारी हातांपासून करावी. पेले भरताना बोटे सतत भिजतात आणि लोकरीचे हातमोजे ओले झाले की हात गारठतात; त्यामुळे आत पातळ लोकरीचे आणि वर भांडी घासण्याचे सैल रबरी हातमोजे घालावेत. बूट जुने असावेत, कारण सांडलेल्या गोड पेयाने रस्ता इतका चिकट होतो की प्रत्येक पावलाला तळवा सुटताना आवाज येतो. प्रवासाच्या विम्याचे कार्ड, फोटोचे ओळखपत्र, नेहमीच्या गोळ्या आणि दोन दशम्या एवढे जवळ असले की पुरे.

प्रत्यक्ष काम सोपे वाटते, पण त्याला हातोटी लागते. कागदी पेला अर्धा किंवा किंचित जास्त भरावा. काठोकाठ भरलेले पाणी धावणाऱ्याच्या नाकात जाते. भरलेल्या पेल्यांवर पुठ्ठा ठेवून त्यावर दुसरा थर रचतात. पेला मुठीत धरू नये, कारण धावपटूला तो सोडवून घ्यावा लागतो. वरची कड बोटांच्या टोकांनी धरावी आणि हात लांब करावा, म्हणजे धावपटूला पेल्याभोवती हात घालून तो उचलता येतो. पुण्यात पालखीच्या वाटेवर आपण वारकऱ्यांना थांबवून, आग्रह करून पाणी देतो. येथे आग्रह करायचा नाही, एक पाऊलही पुढे टाकायचे नाही. ज्याला हवे तो डोळ्याला डोळा भिडवतो आणि पेला हातातून निघून जातो. ‘वॉटर’ असे मोठ्याने म्हणत राहावे, कारण दुसऱ्या टेबलांवर मीठ-साखरेचे पेय असते आणि धावणाऱ्याला फरक ऐकूनच कळतो. इंग्रजी यापेक्षा जास्त लागत नाही. छातीवर नाव लिहिलेले असेल तर ते हाकेसारखे घ्यावे.

वेगवान धावपटू संपले की गर्दी विरळ होते आणि मुख्य स्वयंसेवक टेबले आवरायला सांगू लागतात. तेव्हा एक थर भरलेला राहू द्यावा, अशी त्यांना विनंती करावी. सर्वांत मागून चालत येणारे बहुतेक वेळा आपल्याच वयाचे असतात, आणि तेच पाणी घेताना थांबून आपल्याशी दोन शब्द बोलतात.