.३७५ रायफल आफ्रिकेत नेताना : दुर्बीण सरकण्यावर केलेला उपाय

विमानप्रवासानंतर .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड, मोठ्या शिकारीचं काडतूस) रायफलचा नेम हलला, तर नळीला दोष देण्याआधी दुर्बिणीचे स्क्रू बघा. बहुतेक वेळा तेच सैल झालेले असतात.

माझा उपाय असा. दुर्बीण आणि रिंग्ज (दुर्बीण धरणारी कडी) उतरवून बेसचे (रायफलवर बसवलेली, रिंग्ज धरणारी पट्टी) स्क्रू अॅसिटोनने पुसले, म्हणजे तेलाचा अंश राहत नाही. मग निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एकच थेंब आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणारा पाना) सुमारे २० इंच-पौंड इतकं आवळायचं. रिंग बेसवर बसवताना त्या पट्टीच्या खाचेत नळीच्या तोंडाकडे दाबून धरायची आणि मगच आवळायची. धक्क्याने रायफल मागे येते, जड दुर्बीण जागीच राहू बघते. खाचेत मोकळी फट असली तर दुर्बीण पुढे सरकते. रिंगच्या वरच्या स्क्रूंना लॉकटाइट नको, १५ ते १८ इंच-पौंड पुरतात. शेवटी स्क्रूवर नेलपॉलिशची रेघ, सैल झाला की लगेच दिसतो.

विमानात रायफल कुलूपबंद कडक पेटीत, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता खटका) काढून ठेवा. काडतुसं मूळ खोक्यातच. बहुतेक विमान कंपन्या माणशी ५ किलोच नेऊ देतात. दक्षिण आफ्रिकेत एसएपीएस ५२० (तिथल्या पोलिसांचा, बंदूक तात्पुरती आत आणण्याचा) अर्ज काळ्या शाईने भरा, सही मात्र अधिकाऱ्यासमोरच करा. रायफलवरचा क्रमांक कागदपत्रांशी अक्षरशः जुळायला हवा.

तळावर पोचल्यावर, शिकारीआधी, १०० मीटरवर ३ गोळ्या झाडून बघाच. जखमी रानम्हैस जंगलात सोडणं अक्षम्य आहे.