ट्यूबाचा माउथपीस निवडताना आधी कार्यक्रम बघा

ट्यूबा म्हणजे बँडमधलं खर्जाचं मोठं पितळी वाद्य, आणि माउथपीस म्हणजे त्यात फुंकायला ओठ लावतात तो सुटा तुकडा. बँडमधली मुलं मला विचारतात, "सर, सगळ्यात चांगला माउथपीस कुठला?" मी उलट विचारतो: वाजवायचं काय आहे, बसून की चालत, आणि वाद्य कुठलं? हे ठरल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

सुरुवात वाद्यापासून करा. माउथपीसचा निमुळता दांडा, म्हणजे शँक, सगळीकडे सारखा नसतो. जर्मन घडणीच्या बऱ्याच ट्यूबांना जाड युरोपियन शँक लागतो, अमेरिकन ट्यूबांना आणि सूझाफोनला (अंगाभोवती घालून चालत वाजवायचा ट्यूबा) बहुधा थोडा बारीक, जुन्या ब्रिटिश ट्यूबांना त्याहूनही बारीक. हातानं बसवून हलकासा पीळ द्या. साधारण 25 मिमी आत जाऊन तो घट्ट बसायला हवा. डगडगला किंवा फारच आत गेला, तर सूर जागेवर राहत नाहीत आणि पुढची सगळी पारख वाया जाते. शँकला कागदाची पट्टी गुंडाळून चाचणी उरकता येईल, पण कार्यक्रमाला असा जुगाड नको.

आता कप, म्हणजे ओठांपुढची पोकळी. खरी निवड इथे आहे. हेलेबर्ग घाटाचा कप नरसाळ्यासारखा खोल. त्यातून खर्ज रुंद आणि गडद येतो, पण दम जास्त लागतो आणि सुराची सुरुवात थोडी मऊ होते. बाख कंपनीच्या 18 नंबरच्या माउथपीसचा कप वाटीसारखा. सूर लगेच पकडतो, कडा स्पष्ट ठेवतो.

संगीतकार होल्स्टचा 1909 चा मिलिटरी बँडसाठीचा पहिला सूट, म्हणजे अनेक भागांची रचना, घ्या. त्यातला शकोन म्हणजे एकच धून पुन्हा पुन्हा येणारा भाग. त्याची 8 बारची (तालाच्या मापांची) धून सुरुवातीला ट्यूबा आणि युफोनियम (ट्यूबाचा धाकटा भाऊ) हेच वाजवतात. बाकी बँड गप्प असतो, लपायला जागा नाही. सूर हळू, जोडलेले. इथे मी बिनदिक्कत खोल कप देतो. त्याच सुटातला शेवटचा मार्च, म्हणजे संचलनाच्या चालीचा भाग, मात्र ठसठशीत सुरुवात मागतो. तरीही मध्येच माउथपीस बदलू नका. जिथे तुम्ही सर्वांत उघडे पडता त्या भागासाठी निवडा आणि मार्चची धार जिभेनं आणा. संध्याकाळभर मार्चच असतील, तर वाटीसारखा कप बरा.

थ्रोट, म्हणजे कपाच्या तळाचं भोक, मोठं असलं की आवाज मोठा होतो, पण हवा भराभर संपते. लहान छातीच्या मुलांना दांडगा माउथपीस देणारे शिक्षक मला अजिबात पटत नाहीत. लांब वाक्य अर्ध्यावर तुटलं, तर त्या मोठ्या आवाजाचं करायचं काय?

रिम, म्हणजे ओठ टेकतात ती कपाची कड, याबाबत मी हट्टी आहे. ओठांना सवय असते ती रिमची. दोन माउथपीस बाळगायचे असतील, तर रिम एकच ठेवून कप बदला. सुटी होणारी रिम मिळते, ती याचसाठी. रुंद रिमवर ओठ उशिरा थकतात, अरुंद रिमवर सूर चपळ सुटतात.

पारख करायची ती तालीम संपताना, ओठ थकलेले असताना. ताज्या ओठांना नवा माउथपीस नेहमीच गोड वाटतो. मोबाइल सभागृहाच्या शेवटच्या रांगेत ठेवून रेकॉर्ड करा, कारण ट्यूबामागे बसून जे ऐकू येतं ते श्रोत्याला ऐकू येत नाही. एखाद्या सोबत्याला तिथे पाठ फिरवून बसवा आणि माउथपीसचं नाव न सांगता वाजवा. ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं यंत्र, लावून खालचे सूर एकेक तपासा. कप बदलला की सूर चढतात-उतरतात, ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) पुन्हा लावावी लागते. हे सगळं कार्यक्रमाच्या दोन-तीन आठवडे आधी उरका. शेवटच्या आठवड्यात बदल नको.

चालत वाजवायचं असेल, तर रुंद रिम घ्या, धक्के कमी लागतात. दिल्लीच्या जानेवारीसारख्या थंडीत धातू ओठांना बोचतो. तिथे पॉलिकार्बोनेटचा माउथपीस चालतो, नाहीतर वाजवायची वेळ येईपर्यंत आपला नेहमीचा कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.