‘खजिनदार’ लिहून मोकळं होऊ नका

लॅटिनच्या पहिल्या वर्षी माझ्या वहीत एका रोमन अधिकारपदाविषयी एक ओळ होती: ‘क्वाएस्टोर = खजिनदार’. परीक्षेपुरतं ते पुरलं. पुढे रोमच्या सुरुवातीच्या काळाविषयी वाचू लागले, तर तिथे खुनाचा तपास करणारे ‘क्वाएस्टोरेस पारिकीदिई’ भेटले. खजिनदार खुनाचा तपास का करेल? बाईंना विचारलं, तर त्यांनीच उलट विचारलं, “क्रियापद पाहिलंस का?”

क्रियापद आहे ‘क्वाएरेरे’, म्हणजे शोधणं, विचारणं. त्याला ‘टोर’ हा कर्त्याचा प्रत्यय. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर हा प्रत्यय तुमच्या ओळखीचा आहे. दातृ, कर्तृ यांतल्या ‘तृ’चाच तो भाऊ. म्हणजे पदनामाचा अर्थ झाला ‘शोध घेणारा’. पण क्रियापदात ‘र’ आणि पदनामात ‘स’, असं का? लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मधल्या जुन्या ‘स’चा पुढे ‘र’ झाला. पदनामात ‘स’च्या पुढे ‘ट’ असल्याने तो टिकला. ‘फ्लोस’ म्हणजे फूल आणि ‘फ्लोरिस’ म्हणजे फुलाचं, यातही हेच घडलं आहे. हा एक नियम कळला आणि तोवर नुसती पाठ केलेली कितीतरी रूपं मला समजू लागली. नव्याने शिकणाऱ्यांना म्हणूनच सांगते, कोशात अर्थ सापडला तरी तिथे थांबू नका, धातूपर्यंत जा.

व्हॅरो हा रोमन विद्वान दोन्ही कामं एकाच वाक्यात सांगतो: सार्वजनिक पैसा आणि गुन्हे यांचा शोध घेणारे ते क्वाएस्टोर. त्याच्या काळापर्यंत गुन्ह्यांचं काम दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे गेलं होतं. पैशाचं काम राहिलं आणि नावही.

भाषांतरात मी एकदा ‘फडणीस’ वापरून पाहिलं. कानाला छान वाटलं, पण टिकलं नाही. फडणीस, चिटणीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. रोममध्ये लिहिण्याचं काम ‘स्क्रीबा’ म्हणवणारे पगारी कारकून करत. क्वाएस्टोर लोकांनी निवडलेला, तोही एका वर्षासाठी. इ.स.पू. ४२१ मध्ये त्यांची संख्या दोनाची चार झाली, आणि सुल्ला या हुकूमशहाने इ.स.पू. ८१ मध्ये ती वीसवर नेली. राजकारणात उतरणाऱ्या तरुणाची ही पहिली पायरी. काही जण रोममध्ये राहून शनीच्या मंदिरातला सरकारी खजिना सांभाळत, काही प्रांताच्या सुभेदाराबरोबर जात. प्रसिद्ध वक्ता सिसेरो इ.स.पू. ७५ मध्ये असाच सिसिलीतल्या लिलिबायमला गेला.

वर्ष संपलं की क्वाएस्टोर बदलायचा, कारकून तिथेच. त्यामुळे नवा साहेब त्यांच्याच तोंडाकडे बघायचा. धाकटा कॅटो या रोमन राजकारण्याने मात्र पद घेण्याआधीच त्याविषयीचे कायदे वाचून काढले आणि कारकुनांचा मनमानी कारभार मोडला, असं प्लुटार्क हा चरित्रकार सांगतो. मला या सगळ्या मंडळींत तोच सर्वांत जवळचा वाटतो.

आता एक उतारा, जो प्रत्येक नवशिक्याने मूळ लॅटिनमध्ये वाचावा. अवघड नाही, आकड्यांची तेवढी सवय लागते. व्हेरेस नावाचा एक रोमन इ.स.पू. ८४ मध्ये कार्बो या कॉन्सलचा, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचा, क्वाएस्टोर होता. त्याने दिलेला हिशेब सिसेरोने इ.स.पू. ७० मध्ये त्याच्यावरच्या खटल्यातल्या आरोपांत जसाच्या तसा उतरवला आहे: मिळाले २२,३५,४१७ सेस्टर्स (रोमन नाणी), सैन्याचा पगार, धान्य आणि इतर मोजक्या बाबींवर खर्च १६,३५,४१७, अरिमिनुम गावी ठेवले ६,००,०००. संपला हिशेब! मी बेरीज करून पाहिली, बरोबर जुळते. आणि सिसेरोचा संताप नेमका इथेच आहे. सैन्याचा एवढा पैसा गेला, पण कोणाला किती, याचा तपशीलच नाही. आणि व्हेरेस तर तो पैसा घेऊन कार्बोला सोडून त्याचा शत्रू सुल्ला याच्या बाजूला गेलेला. शोध घेणं ज्याचं काम, त्याच्याच हिशेबात शोधायला काही ठेवलेलं नाही. ‘खजिनदार’ एवढंच डोक्यात असतं तर ही धार मला जाणवली नसती.

इटलीत आज ‘क्वेस्तुरा’ म्हणजे पोलिसांची जिल्ह्याची मुख्य कचेरी. युरोपियन संसदेतले क्वेस्टर मात्र सदस्यांच्या आर्थिक आणि प्रशासकीय बाबी पाहतात. माझ्या वहीतली ती जुनी ओळ मी खोडली नाही. तिच्या शेजारी ‘क्वाएरेरे’ लिहून ठेवलं आहे.