महोगनीचे जुने इंग्रजी मेज कोणी घडवले, हे कसे शोधावे

ठाण्यात नौपाड्यातले एखादे जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे होऊ लागले की आजोबांच्या खोलीतून जड, काळसर तांबूस असे लिहिण्याचे मेज बाहेर निघते आणि भंगारवाल्यापासून नातेवाइकांपर्यंत प्रत्येक जण त्याची किंमत सांगू लागतो. अशा वेळी सर्वांत आधी एक करावे: मेजाला पॉलिशवाल्याचा हात लागू देऊ नये. घडवणाऱ्याचे नाव त्यावर असलेच, तर ते बहुधा खणाच्या पुढच्या फळीच्या वरच्या कडेवर ठोकलेले असते, आणि सँडपेपरचे चार हात फिरले की ते पुसले जाते.

पावसाळ्यात लाकूड फुगल्यामुळे खण अडकतात. त्यांना हिसका देऊ नये. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ते बरेचदा आपोआप सैल होतात. प्रत्येक खण पूर्ण बाहेर काढून खिडकीशी न्यावा आणि वरच्या कडेवर टॉर्चचा उजेड आडवा पाडावा. समोरून उजेड टाकल्यास न दिसणारी बारीक अक्षरे तिरप्या उजेडात सावलीमुळे उठून दिसतात. लँकेस्टरच्या गिलोज या पेढीने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून असे ठसे वापरले. १८४५ मध्ये लंडनला सुरू झालेल्या एडवर्ड्स अँड रॉबर्ट्सचा ठसाही याच जागी सापडतो, परंतु ही पेढी जुने फर्निचर दुरुस्त करूनही विकत असल्याने केवळ तिच्या ठशावरून मेज तिनेच घडवले असे ठरत नाही.

कुलपावरील नावाने मात्र अनेकांची फसगत होते. ब्रामा किंवा चब हे कुलूप बनवणारे होते, मेज बनवणारे नव्हेत. तरीही त्या नावाचा उपयोग आहे: ब्रामाच्या कुलपाचे पेटंट १७८४ चे आणि चबचे १८१८ चे असल्याने, कुलूप मूळचेच असेल तर मेज त्याआधीचे असू शकत नाही. चिपेंडेल या अठराव्या शतकातील प्रसिद्ध इंग्रज फर्निचर कारागिराचे नाव कोणी घेतले तर अधिकच सावध राहावे. तो आपल्या कामावर ठसा मारीत नसे, आणि १७५४ मध्ये त्याने आपले नमुने छापून प्रसिद्ध केल्यामुळे ते पाहून इतर कारागिरांनीही तशा वस्तू घडवल्या. त्याच्या कामाची ओळख मुख्यतः त्या त्या घराण्यांनी जपलेल्या बिलांवरून पटते.

नाव नसेल तर लाकूड वाचावे. खणाच्या कोपऱ्यातील डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे एकमेकांत अडकणारे सांधे, हाताने कापलेले असतील तर त्यांच्या मापात थोडा फरक असतो. सगळे अगदी एकसारखे असतील तर ते यंत्राचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा नंतरचे असण्याचा संभव मोठा. मूळचा एखादा स्क्रू काढून पाहावा. साधारण १८५० पूर्वीच्या स्क्रूचे टोक बोथट असते. आपल्याकडे सर्वांत बोलकी असते ती खणाची बाजूची फळी. चांगल्या इंग्रजी कामात ती पुष्कळदा फिकट ओकची असते आणि तिच्यावर चकचकीत आडवे पट्टे दिसतात. तिथे ओळखीच्या वासाचे, हाताला तेलकट लागणारे सागवान आढळले, तर मेज इंग्रजी नमुन्यावर इथेच घडले असावे. तसे ठरले म्हणून वाईट वाटण्याचे मुळीच कारण नाही. इथल्या सुतारांचे ते काम जपण्याजोगेच असते.

आमच्या घरच्या मेजाची कड एका कारागिराने पॉलिशपूर्वी घासली आणि ठशातील ‘एस, टी, ई, आर’ ही शेवटची चारच अक्षरे उरली. लँकेस्टरचा शेवट याच अक्षरांनी होतो आणि मँचेस्टरचाही. मँचेस्टरची लँब ही पेढीसुद्धा आपल्या कामावर नाव आणि गाव ठोकीत असे. पुढे एका खणाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेली पुसट अक्षरे दिसली. गिलोजचे कारागीर अशी सही करीत, म्हणून तळ ओल्या फडक्याने पुसायचे आम्ही टाळले आणि आधी छायाचित्रे घेतली. गिलोजच्या कामांची रेखाटने आणि खर्चाचे हिशेब असलेल्या वह्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर अभिलेखागारात आहेत. तिथे विचारणा करताना मेजाची लांबी, रुंदी व उंची, खणांची संख्या, बाजूच्या फळीचे लाकूड आणि ठशाचे तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून घेतलेले छायाचित्र एकत्र पाठवावे.