नव्या कलाकाराच्या गाण्यावर कामाला येईल असा अभिप्राय कसा द्यावा

व्हॉट्सॲपवर गाणं येतं आणि खाली एक ओळ असते : "ऐकून सांग ना कसं वाटतंय." 'भारी झालंय' असं लिहिलं की दोघंही मोकळे होतात आणि गाणं होतं तिथंच राहतं. याच्या उलटही घडतं. मास्टरिंग (प्रकाशनाआधीचा शेवटचा तांत्रिक हात) उरकून तारीख जाहीर झालेल्या गाण्याची चाल बदलायचा सल्ला दिला जातो. दोन्ही वेळी एकच गोष्ट विचारायची राहून गेलेली असते : या गाण्यात आता काय बदलता येणार आहे?

१. आधी टप्पा विचारा

फोनवर पेटी किंवा गिटार घेऊन गायलेला कच्चा डेमो असेल, तर शब्द, चाल, पट्टी, लय आणि गाण्याची लांबी यांवर बोला. खोलीचा आवाज येतो, पंखा ऐकू येतो हे कलाकारालाही माहीत आहे.

रेकॉर्डिंग होऊन मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्यांची जुळवणी, चालू असेल, तर चालीची वेळ गेली. पण एखादी ओळ पुन्हा गाऊन घेता येते, वाद्य खाली-वर करता येतं. मास्टर हातात आला असेल, तर चुका तेवढ्या शोधा : मध्येच 'टक्' असा आवाज, तुटलेला शेवट, श्रेयनामावलीत चुकलेलं गीतकाराचं नाव.

सोबत दोन गोष्टी विचारून घ्या : नेमकं कशाबद्दल मत हवंय, आणि हे गाणं कोणत्या वळणाचं व्हावं असं त्याच्या मनात आहे. ढोलकीवरचं गाणं आणि एका गिटारवरचं हळुवार गाणं एकाच फूटपट्टीनं मोजलं की अभिप्राय फुकट जातो.

२. फाइल नीट मागवा

व्हॉइस नोट किंवा व्हिडिओ म्हणून पाठवलेलं गाणं दाबलं जातं आणि झांज, श्वास, रिव्हर्बची (घुमणाऱ्या आवाजाची) शेपूट खराब होते. मग मिक्समध्ये नसलेला दोष तुम्ही काढता. वेव्ह फाइल किंवा ३२० केबीपीएसची एमपीथ्री मागवा, तीही ड्राइव्हच्या लिंकवर किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून.

ऐकताना वायरचे हेडफोन आणि एखादा बरा स्पीकर वापरा. शेवटी एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका, कारण बरेचसे श्रोते तिथंच ऐकणार आहेत. फोनवर डग्ग्याची घुमार किंवा बेस गायब झाला तर तो छोट्या स्पीकरचा स्वभाव आहे. शब्द कळेनासे झाले तर मात्र ते मिक्सचं काम आहे.

आवाजाची पातळी तीनही वेळा साधारण सारखी ठेवा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. बाजारातल्या गाण्याशी तुलना करायची असेल तर आधी त्या गाण्याचा आवाज कमी करून दोन्ही सारखे करा. ते मास्टर झालेलं असल्यानं मोठं वाजतं, आणि मोठं वाजणारं कानाला उगाचच चांगलं वाटतं.

३. तीनदा ऐका

पहिल्यांदा न थांबता, कागद-पेन न घेता, शब्द समोर न ठेवता. संपल्यावर लगेच दोन गोष्टी लिहा : कोणती ओळ डोक्यात राहिली, आणि लक्ष कुठे भरकटलं. ज्यानं गाणं केलं त्याला ते पहिल्यांदा ऐकण्याची सोय कधीच नसते. त्यामुळे 'दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या संगीतात माझं लक्ष उडालं' ही माहिती त्याला दुसरीकडून मिळत नाही. दुसऱ्यांदा मिनिट-सेकंद टिपत ऐका आणि न कळलेले शब्द लिहा. तिसऱ्यांदा त्यानं विचारलेल्या प्रश्नापुरतंच ऐका.

४. कान कुठे द्यायचा

मराठी गाण्यात सगळ्यात जास्त पडझड शब्द आणि चाल जिथं जोडले जातात तिथं होते. ह्रस्व अक्षरावर लांब सूर आला की 'दिन'चा 'दीन' होतो, 'शिर'चं 'शीर' होतं. शेवटचा अकार ताणला की 'मन'चं 'मना' आणि 'घर'चं 'घरा' ऐकू येतं. श्वास चुकीच्या जागी घेतला तर 'पावसात'चे 'पाव' आणि 'सात' होतात आणि विरहगीतात बेकरी उघडते. उपाय सुचवताना पूर्ण ओळ मोडायला सांगू नका. शब्द थोडा आधी किंवा उशिरा उचलणं, श्वास पूर्ण शब्दानंतर घेणं किंवा त्या जागी दीर्घ अक्षराचा दुसरा शब्द शोधणं, यांतलं एखादं बहुतेकदा पुरतं. उच्चारही तपासा. 'जवळ' या एका शब्दात दोन सापळे आहेत : हिंदी वळणाचा ज आणि ळ-चा ल.

मग पट्टी. ध्रुवपदातला सगळ्यात खालचा सूर पुटपुटल्यासारखा येतोय का, आणि अंतऱ्यातला वरचा सूर ओरडल्यासारखा? फक्त खालचा अडत असेल तर पट्टी अर्धा किंवा एक स्वर वर, फक्त वरचा अडत असेल तर खाली. दोन्ही अडत असतील तर पट्टी बदलून भागणार नाही. चालीचा पल्लाच त्या गळ्यापेक्षा मोठा आहे. तेव्हा अंतऱ्याचा कळस थोडा खाली आणायला सांगावं लागतं, आणि ते डेमोच्या टप्प्यावरच शक्य असतं.

'गायक बेसूर वाटतोय' असं लिहिण्याआधी तबला ऐका. तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा ठेक्याचा तुकडा) दुसऱ्या पट्टीतला असला की त्याचा सूर गाण्याच्या 'सा'शी भांडतो आणि दोष गळ्यावर येतो. लूपची पट्टी अर्ध्या स्वरानं सरकवून पाहा, असं सुचवा. फार सरकवलं तर तबल्याचा नाद नकली होतो; मग गाण्याच्या पट्टीतलाच लूप शोधणं बरं.

१९९७ मध्ये आलेल्या ऑटोट्यूनची, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरची, एक तक्रार आपल्या गायकीत हमखास येते. रिट्यून स्पीड (सूर ओढून घेण्याचा वेग) फार जलद ठेवला की मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पायऱ्या-पायऱ्यांची होते आणि आंदोलन, म्हणजे सुराचं हळुवार झुलणं, सपाट होतं. मुद्दाम तसा रोबोसारखा आवाज हवा असेल तर तो दोष नाही, म्हणून आधी विचारा.

घरगुती रेकॉर्डिंगच्या खुणा ठरलेल्या असतात. आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर बहुधा रिकामी खोली आणि २०० ते ४०० हर्ट्झचा गाळ, म्हणजे त्या पट्ट्यात साचलेला आवाज. 'स' आणि 'श' टोचले तर ५ ते ८ हजार हर्ट्झच्या आसपास आवाज थोडा कमी करून बघायला सांगा. 'प', 'फ', 'भ'ला धप्प आवाज येत असेल तर तोंड माइकच्या अगदी समोर आहे : १५-२० सेंटिमीटर अंतर, मध्ये पॉप फिल्टर (माइकसमोरची जाळी), माइक किंचित तिरका. सतत घुमणारी 'हूं' ही बहुधा विजेची, म्हणजे ५० हर्ट्झची.

लांबीबद्दल सांभाळून बोला. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावर एक ऐकणं मोजलं जातं, म्हणून सुरुवातीची ४० सेकंदांची सुरावट कापून टाक, असा सल्ला सर्रास मिळतो. त्या सुरावटीत काही घडतंय का, हे आधी बघा. घडत असेल तर राहू द्या.

५. लिहायचं कसं

प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी हव्यात : वेळ, काय ऐकू आलं, कारणाचा अंदाज, करून पाहण्यासारखं एक काम. मुद्दे जास्तीत जास्त तीन. अकरा दोष पाठवले की नवा माणूस सगळ्यात सोपा तेवढा सुधारतो आणि मोठा तसाच ठेवतो. शिवाय काय बदलू नये, हेही नेमकं लिहा. हे न सांगितल्यामुळे पुढच्या आवृत्तीतून नेमकी चांगली जागाच उडालेली असते.

नमुना असा :

"०:४८ची 'उंबरा' शब्दावरची जागा अजिबात बदलू नकोस, तिथं मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. १:१२ला 'दिन'चं 'दीन' ऐकू येतं, कारण 'दि'वर दोन मात्रा आहेत. शब्द अर्धी मात्रा उशिरा उचलून बघ. १:५०पासून बासरी आणि तुझा आवाज एकाच उंचीवर आहेत, म्हणून शब्द बुडतात. तू गात असताना बासरी दोन-तीन डेसिबल खाली घे. शेवटचं ध्रुवपद चारदा येतं, मला तिसऱ्यांदाच गाणं संपल्यासारखं वाटलं. हे माझ्या आवडीचं मत आहे, दोष नाही."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. दोष आणि आवड वेगळी करून सांगा. आणि 'लोकांना आवडणार नाही' असं लिहू नका. लोकांनी अजून ऐकलेलं नाही, ऐकलंय तुम्ही.

चाल एखाद्या जुन्या गाण्यासारखी वाटली तर ते चारचौघांत, कमेंटमध्ये लिहू नका. त्याला खाजगीत दोन्ही गाण्यांतल्या वेळा पाठवा. कविता दुसऱ्याची असेल तर परवानगी घेतली का, तेही विचारा. भारतात कवीच्या निधनानंतरही ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, आणि हे गाणं चढवून झाल्यावर कळण्यात काही मजा नाही.

६. दुसरी आवृत्ती आल्यावर

आधीचे तीन मुद्देच तपासा, नवे काढत बसू नका. जुनी आणि नवी फाइल सारख्या आवाजात, एकामागून एक लावा. नवी बिघडली असेल तर तसं सरळ सांगा आणि मागे जायला सांगा. त्यासाठी पहिल्याच दिवशी त्याला फाइलच्या नावात तारीख घालून जुनी आवृत्ती जपून ठेवायला सांगितलेलं असलं पाहिजे.